मामूंची छत्री आणि न लागलेला निकाल

आमच्या घराण्यात आजवर एकच फौजदारी खटला चालला आणि त्यात शिक्षा झाली ती दुभाष्याला. तो दुभाष्या मी होतो.

गोष्ट साठच्या दशकातली, कतारमधल्या दोह्यातली. मी एका तेलकंपनीच्या स्टोअरमध्ये क्लार्क होतो. दिवसभर नट, बोल्ट, वॉशर मोजून देणं आणि ते कमी का भरले याची कारणं सांगणं, हे माझं काम. घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नसे. (दमणं हा माझा जन्मजात गुण आहे, असं माझी बायको हमीदा म्हणते. मी त्यावर वाद घालत नाही, कारण त्यानेही दमायला होतं.) घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात वाळत घातलेली, वक्रा बंदरातून आणलेली मासळी, आणि मासळीच्या राखणीला बाजेवर बसलेले मामू.

मामू म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ आणि माझे सासरे. एकाच माणसाला दोन्ही नात्यांनी वचकून असण्याचा योग आमच्या कोकणी मुसलमानांत पुष्कळांच्या वाट्याला येतो. ते कंपनीच्या वर्कशॉपात सुतार होते. हाताने देवमाणूस. फळी कापायच्या आधी दोनदा मापायचे, आणि दुसऱ्याने मापली असेल तर तीनदा. माझ्या बाबतीत तर मी आणलेली भाजीसुद्धा ते पुन्हा वजन करून बघत असत.

तर या मामूंची धाकटी मुलगी, म्हणजे माझी मेहुणी रझिया, हमीदाच्या बाळंतपणासाठी गावाहून आली होती. बाळ रांगायला लागलं तरी ती परत गेली नाही, याचं कारण बशीर.

बशीर आमच्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन. एकदा आमचा पंखा दुरुस्त करायला आला. पंखा दुरुस्त झाला. त्यानंतर तो पंखा वरचेवर बिघडायला लागला, आणि तो बिघडला की त्या दिवशी कालवणात नारळ जास्त पडायला लागला. हमीदाने दोन आणि दोन चार केले. पुढे बशीरच्या चाचाने रीतसर निरोप पाठवला. मुलगा निर्व्यसनी, कमावता, नमाजी, दिसायला बरा. नाही म्हणायला कुठे जागाच नव्हती. मामूंनी ती शोधून काढली.

"कुठचा म्हनालास?" त्यांनी मला विचारलं.

"म्हसळ्याकडचा, मामू."

"म्हंजे कुलाब्याचा."

"व्हय."

"मग नाय," मामू म्हणाले आणि मासळीवरच्या माश्या हाकलायला लागले.

आमचा जिल्हा रत्नागिरी आणि शेजारचा कुलाबा, ज्याला आता रायगड म्हणतात. भाषा एक, जेवण एक, मशिदीतली रांग एक. मामूंच्या खेडहून तर कुलाब्याची हद्द डोंगर उतरला की लागते. पण मामूंचा कुलाब्यावर राग होता आणि त्या रागाला एक छत्री कारणीभूत होती. मामू पहिल्यांदा मुंबईहून आगबोटीने निघाले तेव्हा त्यांनी सोबत छत्री घेतली होती. (कतारमध्ये पाऊस पडत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ते मापून बघितलं असतं.) डेकवर एका माणसाला ऊन लागून उलट्या व्हायला लागल्या. मामूंनी दया येऊन त्याला छत्री दिली. तो मस्कतला उतरला, छत्रीसकट. जाताना त्याने एवढंच सांगितलं होतं की तो कुलाब्याचा आहे. तेव्हापासून अख्खा कुलाबा जिल्हा मामूंच्या छत्रीखाली उभा होता, असं त्यांचं ठाम मत होतं.

"बाबा, बशीर तेव्हा शाळेत असेल," हमीदा म्हणाली.

"पन हाय तर तिकडचाच."

रझिया उठली. आत गेली, आणि त्या दिवसापासून कालवणातला नारळ कमी झाला. चार दिवसांनी तो पूर्ण बंद झाला. मग एका दुपारी मी ताटावर बसलो असताना ती समोर येऊन म्हणाली, "भाई, बाबा तुमचा ऐकतात. तुमी काय तरी करा."

मामू माझं ऐकतात हे मला नवीन होतं. पण पोरीचे डोळे सुजलेले होते, आणि तिला मी तिच्या फ्रॉकच्या वयापासून पाहिलेलं. मला खरोखरच वाईट वाटलं. शिवाय बिननारळाचं कालवण मी किती दिवस गिळणार होतो? "बघतो," मी म्हणालो. एवढ्या एका शब्दाने माझी वाट लागली.

दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या क्लबचे साहेब स्टोअरमध्ये फ्यूज मागायला आले. हे साहेब महिन्यातून एकदा क्लबच्या मैदानात पडदा लावून सिनेमा दाखवत. त्यांना भयंकर हुरूप होता. त्यांच्या कोणा मित्राने कुठल्याही बड्या कंपनीच्या मदतीशिवाय, मित्रमंडळी जमवून एक सिनेमा काढला होता आणि त्याची रिळं त्यांच्या हाती आली होती. सगळा सिनेमा कोर्टात घडतो, ते म्हणाले. एका लहान गावात बाहेरून आलेला एक घड्याळजी राहत असतो. गावातलं धान्याचं कोठार जळतं. कोणी काही पाहिलेलं नसतं, पण तो परका म्हणून सगळे त्याच्यावरच आळ घेतात. "माणसाने माणसाला गावावरून पारखू नये, असा त्याचा अर्थ आहे," साहेब इंग्रजीत म्हणाले आणि फ्यूज घेऊन गेले.

मला वाटलं, हा फ्यूज अल्लाने पाठवला.

आता इथे एक सांगायला हवं. त्या काळी दोह्यात आम्ही एका तिकिटात दोन सिनेमे बघत असू. एक पडद्यावरचा आणि दुसरा सांगणाऱ्याच्या तोंडचा. इंग्रजी फार थोड्यांना यायचं, म्हणून मैदानात माणसं आपापल्या मुलखाप्रमाणे घोळके करून बसत आणि प्रत्येक घोळक्याच्या मधोमध एक सांगणारा असे. पडद्यावर कोणी बोललं की सांगणारा त्याचं आपल्या बोलीत करून सांगायचा. मल्याळी लोकांचा वेगळा, पठाणांचा वेगळा. रत्नागिरीच्या घोळक्याचा सांगणारा मी होतो, आणि मला नाव होतं. हिरो नुसता खिडकीतून बाहेर बघत असला तरी तो आईची आठवण काढतोय असं मी सांगायचो, आणि आमची चार माणसं डोळे पुसायची.

कुलाब्याच्या घोळक्याचा सांगणारा बशीर होता. त्याचं सांगणं म्हणजे मीठ न घातलेला भात. पडद्यावर जेवढं, तेवढंच. एखादं वाक्य कळलं नाही तर सरळ म्हणायचा, "ह्या मना नाय कळला." असा माणूस सांगणारा म्हणून टिकतो कसा, याचं मला नेहमी नवल वाटायचं. कुलाब्याच्या लोकांना मसाल्याची आवडच नसावी, असा मी निष्कर्ष काढला होता.

मामूंना सिनेमाला न्यायचं म्हणजे दिव्य होतं. पण "कोर्टाचा हाय, नाचगाना नाय" म्हटल्यावर ते तयार झाले. (त्यांनी गावी जमिनीच्या दाव्यात बरीच वर्षं काढली होती. कोर्ट हे त्यांना माहेरासारखं होतं.) शुक्रवारी मगरिबच्या नमाजनंतर आम्ही निघालो. मामूंनी स्वतः बनवलेलं स्टूल काखेत मारलं, कारण कंपनीच्या खुर्च्यांच्या सांध्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. हमीदा आणि रझिया मागे कनातीआड बायकांत बसल्या. आमचा घोळका डावीकडे, कुलाब्याचा उजवीकडे, मध्ये एक सतरंजी रिकामी. उकाड्याने सदरा पाठीला चिकटला होता. मला तिथेच आडवं व्हावंसं वाटत होतं.

सिनेमा सुरू झाला आणि मला पहिला धक्का बसला. माणसं बोलायला लागली ती थांबेचनात. नाच नाही, मारामारी नाही, घोडा नाही, नुसती बडबड. आणि तीही कायद्याची. माझं इंग्रजी स्टोअरमधलं. पाइपाबद्दल काहीही विचारा, मी सांगेन. पण पडद्यावरचा म्हातारा वकील खोकत खोकत जे बोलत होता, त्यात एकही पाइप नव्हता.

"काय म्हनतो तो?" मामूंनी विचारलं.

आता मागे हटण्यात अर्थ नव्हता. मी गळा साफ केला. "तो म्हनतो, ह्या मानसाचा गाव कुठचा, ह्याच्यावरना त्याला चोर ठरवू नका."

"खरा हाय," मामू म्हणाले.

मला हुरूप आला. वकील पुढे बोलत राहिला, मीही बोलत राहिलो. आमचे रस्ते लवकरच वेगळे झाले. तो बहुधा कोठाराच्या कुलपाबद्दल बोलत होता. मी म्हणालो, "वकील विचारतो, एका मानसाना एकदा कोनाची छत्री नेली, तर त्याच्या अख्ख्या जिल्ह्याला तुमी चोर म्हननार काय?"

मामू स्टुलावर वळले. "कोर्टात छत्री कुठना आली?"

"साहेब लोकांच्या देशात पाऊस फार, मामू."

त्यांना ते पटलं. कनातीमागून मात्र हमीदाचं खाकरणं ऐकू आलं. तिचं ते खाकरणं मला चांगलं ओळखता येतं. 'बेतात घ्या' असा त्याचा अर्थ होतो. मी घेतलं नाही.

पहिलं रीळ संपलं. साहेबांकडे यंत्र एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत सगळे काळोखात गप्पा मारत. मी मामूंकडे पाहिलं तर ते चक्क रुमालाने डोळे टिपत होते. माझा जीव भांड्यात पडला.

"गरीब बिचारा," मामू म्हणाले. "कसा खाली मान घालून बसलाय बघ. खेडकडचाच वाटतोय."

"कोन?"

"घड्याळवाला. आपलाच हाय. आनि ते गाववाले बघ, एकेकाचे डोळे बघ. समदे कुलाब्याचे."

मी गारच पडलो. पिंजऱ्यातल्या माणसात मामूंना बशीर दिसावा म्हणून मी घसा कोरडा करत होतो, आणि मामूंना तिथे मामूच दिसले होते. मी काही बोलणार तेवढ्यात रिकाम्या सतरंजीपलीकडून आवाज आला. "ओ चाचा, तो आमचा हाय. गाववाले तुमच्या रत्नांग्रीचे."

"कशावरना?"

"आळ घेतात तेच्यावरना."

मग जे व्हायचं ते झालं. आमच्या घोळक्यातला एक उठला, त्यांच्यातले दोघे उठले. तो घड्याळजी कुठल्या तालुक्याचा यावर तोंडातोंडी सुरू झाली. कोणी त्याचं नाक पुरावा म्हणून दिलं, कोणी त्याच्या बसण्याची ढब. मल्याळी मंडळी आपला सिनेमा सोडून आमचा बघायला लागली. माणसाने माणसाला गावावरून पारखू नये असं सांगणाऱ्या सिनेमाचं पहिलं रीळ संपलं होतं, आणि आमच्याकडे बाह्या वर गेल्या होत्या. साहेब यंत्रामागून खुशीने बघत होते. चर्चा चालली आहे अशी त्यांची समजूत झाली असावी.

"यल्ला, बसा आता, बसा," बशीर आपल्या लोकांना म्हणत होता. ते बसले. आमचेही बसले. मला आता सगळ्याचा कंटाळा आला होता आणि कंटाळलेला माणूस नको ते स्पष्ट बोलतो.

"मामू," मी म्हणालो, "बिचाऱ्या घड्याळवाल्याला ज्या तराजूना तोलतात, त्याच तराजूना तुमी बशीरला तोलताय ना?"

मला वाटलं होतं मी हळू बोललो. पण सांगणाऱ्याचा आवाज हा असा असतो, की तो एकदा लागला की उतरत नाही. दोन्ही घोळक्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. बशीरने मान खाली घातली. मामू माझ्याकडे बघत राहिले. चारचौघांत भाच्याने, त्यातून जावयाने असं विचारलेलं. गप्प बसावं तर लाज जाते आणि चिडावं तर बोललेलं खरं ठरतं.

मामू स्टुलावरून उठले.

"ठीक हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ह्या कोर्टात तो घड्याळवाला सुटला, तर मी माझी पोर बशीरला देतो. आनि नाय सुटला तर ह्या घरात परत तो विषय काढायचा नाय. खलास."

कनातीमागे कसलीतरी बांगडी वाजली. ती रझियाची होती हे मला न बघता कळलं.

त्यानंतरचा सिनेमा मी आयुष्यात विसरणार नाही, जरी मला त्यातलं फारसं कळलं नाही. एरवी निम्मे लोक कोर्टाच्या सीनला विडी ओढायला उठतात. त्या दिवशी कोणी जागचं हललं नाही. साक्षीदार अडखळला की दोन्ही बाजूंनी वाहवा होत होती. वकिलाला खोकला आला की कुलाब्याकडून "पानी द्या त्याला" असं कोणीतरी म्हणे. भांडण केव्हाच विसरून आता सगळ्यांना तो माणूस सुटायला हवा होता. मी घामाने निथळत होतो. शब्द कळले नाहीत की वकिलाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत होतो, आणि अंदाज बांधता आला नाही की तो अल्लाचं नाव घेतोय असं सांगत होतो. (साहेब लोकांचा वकील इतका धार्मिक बघून आमच्यातली म्हातारी मंडळी फार सुखावली.)

अखेर शेवटचं रीळ लागलं. पंचमंडळी आतल्या खोलीतून बाहेर आली. न्यायाधीशाने काहीतरी विचारलं. त्यांच्यातला मुख्य माणूस हातातला कागद घेऊन उभा राहिला. कॅमेरा त्याच्या तोंडाच्या इतका जवळ गेला की त्याचा एक दात किडलेला दिसला. त्याने श्वास घेतला. त्याने तोंड उघडलं.

आणि पडदा काळा झाला. दोन शब्द उमटले. सिनेमा संपला.

मैदानात फक्त यंत्राच्या पंख्याचा आवाज येत होता. मामूंचा हात माझ्या खांद्यावर पडला. सुताराचा हात.

"काय बोलला तो, इसाक?"

मी मागे पाहिलं. कनातीच्या फटीतून रझियाचा एक डोळा दिसत होता. तेवढा एक डोळा मला पुरे झाला. शिवाय मी दमलो होतो, मला घरी जायचं होतं, आणि आजवर मी हजार माणसांच्या तोंडी शब्द घातले होते. आणखी एकाच्या घातला तर काय बिघडणार होतं?

"सुटला," मी म्हणालो. "निर्दोष सुटला, मामू."

आमच्या घोळक्यात एकच जल्लोष झाला. टोप्या उडाल्या. कोणीतरी मला मिठी मारली. कनातीमागे हमीदाने अल्लाचे आभार मानलेले ऐकू आले. मामूंचा चेहरा उजळला. पण मामू ते मामूच. दुसऱ्याने मापलेली फळी ते तशीच कशी कापतील? त्यांनी सतरंजीपलीकडे हाक दिली.

"बशीर, तुझ्या लोकांना तू काय सांगलास?"

बशीर उभा राहिला. मी त्याच्याकडे असे डोळे केले की त्याने निदान एकदा तरी माझ्या भाषेत बोलावं. त्याला सगळं ठाऊक होतं. मामूंची पैज त्याने ऐकली होती. एक शब्द, तोही आधीच माझ्या तोंडून निघालेला. त्याने फक्त मान हलवायची होती.

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. घाम पुसला. "चाचा," तो म्हणाला, "तो काय बोललाच नाय. तोंड उघडला आनि सिनेमा खलास झाला."

टोप्या खाली आल्या. कनातीमागे डब्याचं झाकण पडलं आणि गडगडत गेलं. बशीर आता मामूंकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. इतकं पडलेलं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, की त्याला बाजूला घेऊन दोन द्याव्यात असं वाटलं. आणि त्याच क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की त्या दोन मलाच द्याव्यात असंही वाटलं.

"रीळ तुटला असेल," मी शेवटचा प्रयत्न केला. "साहेबांना इचारूया."

साहेब आलेच. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. इतके लोक शेवटासाठी इतके अस्वस्थ झालेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. ते हात पसरून भराभर इंग्रजीत काहीतरी बोलले. सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं.

"तू गप," मामू म्हणाले. "बशीर, तू सांग."

बशीरने साहेबांना पुन्हा बोलायला लावलं. नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब म्हनतात, सिनेमा असाच काढलाय. ज्यांनी काढला त्यांचा म्हनना असा, की निकाल बघनाऱ्यांनी द्यावा. म्हंजे तुमी."

"मी?"

"व्हय चाचा. पुढचा थोडा बोलले, त्या मना नाय कळला."

मामू खाली बसले. स्टूल करकरलंसुद्धा नाही. दोन्ही घोळके मधली सतरंजी ओलांडून त्यांच्याभोवती गोळा झाले. साहेब यंत्र आवरायचं सोडून उभे राहिले. मामूंनी खूप वेळ हाताचा तळवा गुडघ्यावर घासला. खराब फळी हाती आली की ते असंच करायचे.

"कोनी आग लावताना बघितला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कोनीच नाय," सगळे म्हणाले.

"मग सुटला," मामू म्हणाले. मग त्यांनी बशीरकडे पाहिलं. त्यांचा आवाज जरा बसला होता. "आनि रझिया तुला दिली."

कोणी टोप्या उडवल्या नाहीत. कुलाब्याचा एक म्हातारा पुढे आला आणि त्याने मामूंना मिठी मारली, मग आमच्यातला एक त्यांच्याकडे गेला. कनातीमागे रझिया रडत होती आणि हमीदा तिला रडू नको म्हणत स्वतः रडत होती.  खरं सांगतो, बाकी सगळं खोटं सांगितलं असेल, पण त्या वेळी मला फार बरं वाटलं. मी हात पुढे करून मामूंकडे गेलो.

मामूंनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"आनि ह्याचा काय करायचा?" त्यांनी जमलेल्या मंडळींना विचारलं.

घरी परतताना स्टूल मी उचलायला गेलो तर त्यांनी ते बशीरकडे दिलं. वाटेत मामू एकटेच बोलत होते. "खोटा बोलून बायको मिळत व्हती, तरी पोर खरा बोलला. त्याना छत्री नेली तरी तो परत आनून देईल." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "राजापूरकडचे लोक असेच. मी ताईला तेव्हाच म्हनलेला, तिकडे नको देऊ म्हनून."

माझे वडील राजापूरचे. म्हणजे मामूंचा राग गेला नव्हता. त्याने फक्त मुक्काम बदलला होता. कुलाब्याहून उठून तो अख्खी रत्नागिरी ओलांडून राजापुरात उतरला होता, आणि तिथे त्याला उतरवून घ्यायला स्टेशनवर मी उभा.

लग्न झालं. कालवणात नारळ परत आला. साहेबांनी पुढे पुष्कळ सिनेमे दाखवले आणि रत्नागिरी आणि कुलाबा मिळून एकच घोळका बसू लागला. सांगणारा बशीर. मी मागे सतरंजीवर पडून असायचो. सांगायचं नसलं की सिनेमात झोप फार छान लागते, हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात दोह्यात पाऊस पडला. साधासुधा नाही, आपल्याकडचा, रस्ते वाहायला लावणारा. आम्ही तिघं जुम्म्याची नमाज आटोपून मशिदीच्या दारात अडकलो होतो. मामूंनी पिशवीतून छत्री काढली. गावाहून येताना नवी घेऊन आले होते, बारा महिने सोबत असायची. ती त्यांनी बशीरच्या हातात दिली आणि दोघे जावई-सासरे तिच्याखाली चालायला लागले.

"मामू," मी मागून म्हणालो, "जरा मला पन घ्या की."

मामू थांबले. वळले. पावसाच्या धारांतून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"बशीर," ते म्हणाले, "ह्याला खरंच भिजायला व्हतंय काय, तू एकदा बघून सांग."